कॉपी करणारी पोरं आणि चोरी पचवणारी व्यवस्था

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी सात ते दहा अभ्यासिका चालते. दहावी-बारावीची मुले असतात, कॉलेजची असतात, पोलीस भरतीची तयारी करणारेही दोन-चार असतात. गेल्या वर्षी एस. वाय. बी. ए.ला शिकणारी आमची एक विद्यार्थिनी पर्यावरणाचे प्रोजेक्ट घेऊन आली. "दादा, उद्या जमा करायचंय, एकदा नजर टाका ना." विषय होता 'जलप्रदूषण : कारणे व उपाय'. बत्तीस पाने, मोत्यासारखे अक्षर, लाल पेनाने मथळे, पट्टीने आखलेला समास. मी पहिले पान उलटले. ऋणनिर्देश. त्यात ज्या प्राचार्यांचे आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचे आभार मानले होते, ते तिच्या कॉलेजचे नव्हतेच!

"हे सर कोण गं?"

ती ओशाळून हसली. "माहीत नाही दादा. ज्या प्रोजेक्टवरून उतरवलं ना, त्याच्यात होतं."

मीही हसलो. पण ते हसू फार वेळ टिकले नाही. कारण विहाराची मागची खिडकी उघडी होती आणि खिडकीखालून आमच्या वस्तीचा नाला वाहत होता. निळसर काळा, फेसाळ, नाकाला रुमाल लावल्याशिवाय जवळ उभे राहता येत नाही असा. त्या नाल्याच्या काठावर जन्मलेली, वाढलेली मुलगी जलप्रदूषणावर बत्तीस पाने लिहिते आणि त्या बत्तीस पानांत हा नाला एकदाही येत नाही. गंगा येते, यमुना येते, आपला नाला येत नाही. मित्रांनो, खरा प्रश्न इथे आहे. कॉपी केली की नाही, हा त्याच्या नंतरचा प्रश्न आहे.

अशी गोष्ट सांगितली की ठरलेला निकाल लगेच कानावर येतो. "आजकालची पोरं आळशी झाली आहेत. मोबाईलने वाट लावली." आणि थोडा आवाज खाली करून पुढचे वाक्य, "सवलतीवर आलेली मुलं, त्यांच्यात मेरिट कुठून असणार?" हे दुसरे वाक्य बोलणाऱ्यांना मला विचारायचे आहे, या मुलीला कॉपी करायला शिकवले कोणी?

पहिलीपासून बारावीपर्यंत तिने काय केले ते पाहा. निबंध गाईडमधून पाठ केला. 'माझी आई' या निबंधातली आई सुद्धा गाईडमधली. ती पहाटे उठून तुळशीला पाणी घालायची आणि देवपूजा करायची. या पोरीची खरी आई पहाटे चारला उठून लोकांच्या घरी धुणीभांडी करायला जाते आणि घरात तुळस नाही, बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. पण खरी आई लिहिली तर मार्क मिळतील का, याची खात्री नव्हती. गाईडातल्या आईला मार्क नक्की होते. प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवली. स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिले तेव्हा वहीवर शेरा आला, 'पुस्तकातल्याप्रमाणे लिहा.' बारा वर्षे जी गोष्ट शिस्त म्हणून शिकवली, तिलाच तेराव्या वर्षी वाङ्मयचौर्य म्हणायचे आणि मुलीला चोर ठरवायचे, हा कुठला न्याय?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये शैक्षणिक प्रामाणिकपणा आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंध यासाठी नियमावली आणली. त्यानुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. चाळीस ते साठ टक्के असेल तर एक वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर गेले की विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. म्हणजे शिक्षण संपले.

हेच प्राध्यापकांनी आपल्या शोधनिबंधात केले तर? साठ टक्क्यांच्या वर चोरी सापडली तर निबंध मागे घ्यायचा, दोन वार्षिक वेतनवाढी थांबणार आणि तीन वर्षे नवीन विद्यार्थी मार्गदर्शनासाठी घेता येणार नाहीत. नोकरी शाबूत. तोच गुन्हा पुन्हा पुन्हा केला तरच निलंबन किंवा बडतर्फीची गोष्ट. गुन्हा एकच, पण शिकणाऱ्याचे भविष्य जाते आणि शिकवणाऱ्याच्या दोन वेतनवाढी जातात. खालच्याला दंड मोठा आणि वरच्याला छोटा, ही दंडसंहिता आपल्या समाजाला नवीन नाही. तिचे मूळ कुठल्या स्मृतीत आहे, हे या लेखाच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट. सॉफ्टवेअर शब्द पकडते, विचार पकडत नाही. विद्यापीठांच्या आसपासच्या टायपिंग सेंटरांवर 'प्लॅग कमी करून मिळेल' असे उघड सांगितले जाते. पैसे दिले की तोच मजकूर शब्द फिरवून मिळतो आणि टक्केवारी खाली येते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची चोरी 'संशोधन' होते. ज्याच्याकडे नाहीत, त्याची चोरी चोरीच राहते.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल कोणतीच नियमावली एक अक्षर बोलत नाही. ही सांगताना मला स्वतःलाच पिंजऱ्यात उभे करावे लागेल.

मी समाजशास्त्रात एम. ए. केले. लघुप्रबंधासाठी सफाई काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यात एक मावशी होत्या. तीस वर्षे रस्ते झाडलेल्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "बाबा, झाडू हातातून सुटला, पण लोकांच्या नजरेतून सुटला नाही." मी ते वाक्य वहीत टिपले आणि पुढे किंचित फिरवून माझ्या चौथ्या प्रकरणाचे शीर्षक केले. मार्गदर्शक सर म्हणाले, "वा! काय शीर्षक सुचलंय तुला." मी गप्प बसलो. प्रबंधात मावशी होत्या, पण 'उत्तरदाता क्रमांक 17' म्हणून, एका तक्त्यात, वय आणि मासिक उत्पन्नाच्या रकान्यात. त्यांचा विचार माझा झाला आणि त्यांचे वय त्यांच्याकडे राहिले.

नाव लपवण्यामागे कारण असते हे मला कळते. मुलाखत देणाऱ्याला मुकादमाचा, साहेबाचा त्रास होऊ नये म्हणून नाव लपवतात आणि ते योग्यच आहे. पण नाव लपवणे वेगळे आणि श्रेय गिळणे वेगळे. 'हे वाक्य एका सफाई कामगार स्त्रीचे आहे' एवढे तर मी लिहू शकलो असतो. लिहिले नाही. तो प्रबंध आज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये घाला, सहज सुटेल, कारण मावशींचे वाक्य कुठल्याच संगणकात नाही. आमच्या वस्त्यांमध्ये येऊन, आमच्या आयाबायांच्या ओव्या, गाणी, आजारांवरचे इलाज, कातडे कमावण्याची रीत, पाणी शोधण्याची रीत लिहून घेऊन किती जण डॉक्टर झाले असतील? ती वस्तीतली माणसे मात्र आजही 'माहिती देणारे' आहेत. माहिती देणारा खाली आणि ज्ञान निर्माण करणारा वर. ही सुद्धा उतरंडच आहे.

इथपर्यंत वाचून आमच्या तरुणांना बरे वाटले असेल. चला, दादांनी सगळा दोष व्यवस्थेवर टाकला, आता आपण खुशाल उतरवायला मोकळे. नाही मित्रांनो. आता आपल्याकडे वळू.

9 मे 1916. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी निबंध वाचतो. विषय, भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. तो विद्यार्थी म्हणजे आपले बाबासाहेब. त्या निबंधात त्यांनी काय केले ते नीट समजून घ्या. जातीबद्दल आधी ज्यांनी लिहिले त्या सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांची नावे घेतली. प्रत्येकाची व्याख्या मांडली. कोणाचे काय बरोबर आणि कोणाचे काय चुकले, हे एकेक करून सांगितले. मग स्वतःचे म्हणणे मांडले, की जातीचा प्राण जातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे. ज्यांचे घेतले त्यांचे नाव घेतले, ज्यांचे खोडले त्यांचेही नाव घेतले. याला म्हणतात संदर्भ देणे. संदर्भ म्हणजे शेवटच्या पानावरची सजावट नव्हे. मी कोणाशी बोलतो आहे, हे त्यातून वाचणाऱ्याला कळते.

आणि या निबंधातली दुसरी गोष्ट तर आजच्या विषयाच्या मुळाशीच जाते. एका वर्गाने स्वतःभोवती दार लावून घेतल्यावर बाकीच्या समाजात जाती कशा पसरल्या, याचे उत्तर देताना बाबासाहेबांनी नक्कल हा शब्द वापरला. वरच्याने दार लावले, म्हणून खालच्यानेही लावले. त्याचे पाहून त्याच्या खालच्याने. अनुकरण वरून खाली वाहते, हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गॅब्रिएल टार्ड यांचा सिद्धांत त्यांनी टार्ड यांचे नाव घेऊन मांडला. नकलेवर लिहितानाही त्यांनी नक्कल केली नाही.

याचा अर्थ काय होतो? जात या देशात फक्त तलवारीने आणि पोथीने पसरली नाही, ती न विचारता केलेल्या नकलेने पसरली. 'का' हा प्रश्न न विचारता समोरच्याचे उतरवून घेणे, ही जातीची कार्यपद्धती आहे. म्हणून मी म्हणतो, प्रोजेक्टमधली कॉपी ही फक्त परीक्षेची बाब नाही. मेंदूला उतरवून घ्यायची सवय लागली की तो मेंदू प्रोजेक्टही उतरवतो आणि लग्नातला हुंडाही उतरवतो.

आपल्या चळवळीचे तरी काय चालले आहे? 14 एप्रिलला प्रत्येक चौकात फ्लेक्स लागतात. प्रत्येक फ्लेक्सवर वाघिणीचे दूध आणि गुरगुरणे. मी अनेक वक्त्यांना विचारले, साहेब, हे वाक्य बाबासाहेबांच्या कोणत्या खंडात आहे? पान क्रमांक सांगाल? एकानेही सांगितले नाही. उलट मलाच विचारले, "तुला बाबासाहेबांवर शंका आहे का?" शंका बाबासाहेबांवर नाही, साहेब, तुमच्या वाचनावर आहे. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले. वसंत मून यांनी त्यासाठी हाडाची काडे केली. ते खंड कपाटात आणि व्हॉट्सअपचे फॉरवर्ड तोंडात. संदर्भासाठी आयुष्यभर ग्रंथालये पालथी घालणाऱ्या माणसाची जयंती आपण विनासंदर्भ साजरी करतो.

आमच्या अभ्यासिकेतल्या बारावीच्या एका मुलाने मला विचारले, "दादा, आपण शिका, संघटित व्हा, संघर्ष करा म्हणतो. पण इंग्रजीत तर एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज आहे. मग ॲजिटेट दुसरं असताना आपण त्याला तिसरं का केलं?" मी त्याला उत्तर दिले नाही. 1942 च्या नागपूर परिषदेतले भाषण शोधायला लावले. चार दिवसांनी तो आला तो स्वतःचे म्हणणे घेऊनच. "ॲजिटेट म्हणजे आधी डोकं ढवळून काढायचं असेल दादा. ढवळल्याशिवाय संघटना झाली तर ती नुसती गर्दी." त्याचे बरोबर की चूक, यावर वाद घाला. पण हे त्याचे स्वतःचे आहे, उतरवलेले नाही.

आपली परंपराच ही आहे. 1855 साली 'ज्ञानोदय' मध्ये मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतल्या मांग समाजाच्या मुलीचा निबंध छापून आला. शाळकरी वयाची पोर. तिच्यापुढे नक्कल करायला गाईड नव्हते. तिने मांग-महारांचे दुःख लिहिले, जे रोज डोळ्यांनी पाहत होती तेच. आणि वेद जर आमचे नाहीत तर मग आमचा धर्म कोणता, हा सरळ प्रश्न टाकला. आणखी मागे जा. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. स्वतः तपासा, अनुभवाला लावून पाहा, मग स्वीकारा. ज्याचा धम्मच 'तपासून घे' असे सांगतो, त्या बौद्ध मुलाने न वाचता बत्तीस पाने उतरवावीत, हे धम्माशीही विसंगत आहे.

आता त्या मुलीकडे परत येतो. त्या संध्याकाळी मी तिला रागावलो नाही. खिडकीकडे बोट दाखवून विचारले, "या नाल्याबद्दल तुला काय माहीत आहे?" म्हणाली, "काहीच नाही." थोडा वेळ थांबली आणि मग म्हणाली, "पण दादा, एक गोष्ट मला लहानपणापासून कळत नाही. शुक्रवारी नाला जरा साफ का असतो? वासही कमी येतो. शनिवारी दुपारनंतर परत निळा."

आमचे गाव यंत्रमागाचे. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. तिच्या प्रश्नातच उत्तर होते, पण ते तिला कोणी सांगितले नव्हते, तिने स्वतः पाहिले होते. मी म्हणालो, हेच तुझे प्रोजेक्ट. तिने सरांकडून तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली. रोज सकाळी आणि संध्याकाळी वहीत नोंद केली. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, फेस. आजीला विचारले. आजी म्हणाली, "मी लग्न होऊन आले तवा ह्याच पाण्यात गोधड्या धुवायचो." वरच्या अंगाला चालत गेली आणि रंगप्रक्रियेचे पाणी कुठे येऊन मिळते ती जागा पाहून आली. शेवटी माहिती अधिकारात अर्ज लिहिला. 2005 च्या या कायद्यात दहा रुपयांत अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही लागत नाहीत आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर करायचा असतो. तिचा एकशे वीस शब्दांत बसला. मला विचाराल तर त्या मुलीने आयुष्यात लिहिलेला तो पहिला मूळ मजकूर.

प्रोजेक्ट जमा झाले. सरांनी विचारले, "हे कुठून घेतलं?" ती म्हणाली, "नाल्यावरून, सर." वर्ग हसला. शेरा आला, 'संदर्भसूची नाही, ठरलेल्या नमुन्यात नाही.' तिच्या मैत्रिणीने ते जुने बत्तीस पानी प्रोजेक्ट, त्या परक्या प्राचार्यांच्या आभारासकट, तसेच दिले. तिला पाच मार्क जास्त मिळाले.

त्या सरांवर माझा व्यक्तिशः राग नाही. ते तासिका तत्त्वावर आहेत, तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही महिनोनमहिने थकतात आणि समोर प्रोजेक्टांचा ढीग असतो. पाने मोजून मार्क देण्यावाचून त्यांच्याकडे पर्याय ठेवलेला नाही. पण ज्या व्यवस्थेत उतरवणारी पुढे जाते आणि पाहणारी मागे राहते, त्या व्यवस्थेने मेरिटच्या गप्पा मारू नयेत.

आता तर मोबाईलला प्रश्न विचारला की तयार निबंध बाहेर पडतो. त्यात कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावे संदर्भ म्हणून येतात. उतरवायचेही कष्ट उरले नाहीत. पण शुक्रवारी आमचा नाला साफ का असतो, हे त्या यंत्राला ठाऊक नाही. ते फक्त त्या पोरीला ठाऊक आहे. आपल्या मुलांकडे असे काही आहे जे कुठल्याच सर्व्हरवर नाही, ते म्हणजे त्यांचे जगणे. हजारो वर्षे ज्यांना माहितीपासून तोडले, त्यांच्या हातात आज माहितीचा पूर आहे. या पुरात वाहून जायचे की पोहायचे, हे 'का' विचारण्यावर ठरेल.

म्हणून महाविद्यालयांकडे माझी मागणी साधी आहे. प्रोजेक्टचा विषय विद्यार्थ्याच्या गावातला, वस्तीतला द्या आणि त्याने स्वतः काय पाहिले याला निम्मे मार्क ठेवा. आजीचे बोलणेही संदर्भ म्हणून मान्य करा. वाङ्मयचौर्याचा कायदा लावायचाच असेल तर विद्यार्थी आणि प्राध्यापक यांना एकाच तराजूने लावा. आणि आपल्या अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना विनंती, भिंतीवर एक कोरा फळा लावा. रोज एका मुलाने त्यावर स्वतःला पडलेला एक प्रश्न लिहायचा. आमच्याकडे हे सुरू झाले आहे. परवाचा प्रश्न होता, 'गावात स्मशानं दोन का?'

त्या मावशींचे कर्ज माझ्यावर अजून आहे. परवा त्यांच्या घरी गेलो, प्रबंध उघडून ते शीर्षक वाचून दाखवले आणि सांगितले की हे तुमचे आहे. त्या म्हणाल्या, "माझं व्हय? मग नाव का नाही टाकलं?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

जय भीम. नमो बुद्धाय.